डोंगर वाचणारा माणूस

मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुण्याहून पौडमार्गे मुळशीला गेले असतील. गेला नसाल तर एकदा जरूर जा आणि जाताना गाडीच्या खिडकीतून झाडांकडे लक्ष द्या. पुण्याच्या बाजूला तुम्हांला बाभूळ, बोर, कडुलिंब अशी झाडे दिसतील. पौड मागे पडले की डोंगर जवळ येतात. मुळशी धरणाचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. त्याच्या कडेकडेने ताम्हिणी घाटाकडे निघालात की झाडी दाट होत जाते. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजनी अशी हिरवीगार झाडे दिसू लागतात. पण आजूबाजूच्या डोंगरांच्या माथ्यावर चढून पाहिलेत, तर तीच झाडे ठेंगणी आणि वाकडीतिकडी दिसतील. तेथे वारा जोराचा आणि माती थोडी. मग घाट उतरून कोकणात गेलात की ऐन, किंजळ, साग अशी उंच, सरळ झाडे पुन्हा भेटतील.

डोंगर एकच, मग त्याच्या अंगावरची झाडे अशी का बदलतात? पायथ्याला एक झाड, मध्यावर दुसरे आणि माथ्यावर तिसरेच, असे का होते?

हा प्रश्न डोंगराजवळ राहणाऱ्या माणसांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. मावळातल्या शेतकऱ्याला विचारा. कोणते झाड खिंडीत वाढते आणि कोणते कड्यावर, हे तो न चुकता सांगेल. तुम्ही इतिहासात बाबराचे नाव वाचले आहे. त्याने आपल्या आत्मचरित्रात काबूलचे असेच वर्णन केले आहे. काबूलहून एक दिवस घोडा हाकला तर कधीच बर्फ न पडणारा मुलूख लागतो आणि थोड्याच तासांत दुसरीकडे गेले तर कधीच बर्फ न वितळणारा डोंगर लागतो, हे त्याने टिपून ठेवले होते. म्हणजे लोकांना हा फरक ठाऊक होता. परंतु उंची मोजायची, उष्णता मोजायची, त्या उंचीवरचे झाड नोंदवायचे आणि या सर्वांचा एकमेकांशी संबंध शोधायचा, हे काम कोणीतरी जन्मभर करायला हवे होते. ते काम करणाऱ्या माणसाचे नाव अलेक्झांडर फॉन हंबोल्ट.

अलेक्झांडरचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. त्या वेळी तो भाग प्रशिया या राज्यात होता. त्याचे वडील सैन्यात अधिकारी होते. अलेक्झांडर अवघा नऊ वर्षांचा असताना वडील वारले. आई शिस्तीची होती. मुलांच्या शिक्षणासाठी तिने चांगले शिक्षक ठेवले, पण मायेने जवळ घेणे तिला फारसे जमत नसे. थोरला भाऊ विल्हेल्म पुस्तकांत रमे. पुढे तो भाषांचा मोठा अभ्यासक झाला. धाकट्या अलेक्झांडरचा जीव मात्र घराबाहेर रमायचा. तो रानात भटके. परत येताना त्याचे खिसे पाने, किडे, शिंपले आणि दगड यांनी भरलेले असत. घरची माणसे त्याला गमतीने छोटा औषधवाला म्हणून हाक मारीत.

दूरचे देश पाहावेत, असे त्याला लहानपणापासून वाटे. पण आईची इच्छा होती, की मुलाने सरकारी नोकरी करावी. आईचा शब्द त्याने मोडला नाही. त्याने खाणींचे शिक्षण घेतले आणि तो खाणींचा अधिकारी झाला. नोकरी मनाविरुद्ध असली, तरी काम त्याने मन लावून केले. खाणीत उतरणाऱ्या मजुरांचा जीव विषारी वायूमुळे जाई. त्यांच्यासाठी त्याने श्वासाचे साधन आणि सुरक्षित दिवा तयार केला. खाणकामगारांना आपल्या कामाची नीट माहिती व्हावी म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने शाळाही काढली.

१७९६ साली आई वारली. आईच्या संपत्तीतला मोठा वाटा हंबोल्ट यांना मिळाला. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने वाडा बांधला असता, जमीन घेतली असती. हंबोल्ट यांनी नोकरी सोडली आणि तो पैसा एकाच कामासाठी राखून ठेवला. ते काम म्हणजे प्रवास. हौसेखातर फिरायचे नव्हते. पृथ्वीवरची हवा, पाणी, दगड, झाडे आणि माणसे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे त्यांना शोधायचे होते.

दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग त्या काळी स्पेनच्या ताब्यात होता. परक्या माणसाला तिकडे सहसा जाऊ देत नसत. हंबोल्ट स्पेनच्या राजाला भेटले आणि त्यांनी परवानगी मिळवली. ५ जून १७९९ रोजी ते जहाजावर चढले. त्यांच्याबरोबर एमे बोंप्लाँ हा फ्रेंच मित्र होता. तो वनस्पतींचा उत्तम जाणकार होता. सामानात अनेक प्रकारची उपकरणे होती. त्यांतले एक फार नाजूक आणि फार महत्त्वाचे होते, ते म्हणजे वायुभारमापक.

वायुभारमापकाचे काम समजून घ्या, कारण हंबोल्ट यांची पुढची सारी कामगिरी त्यावर उभी आहे. आपल्या डोक्यावर हवेचा भार असतो. समुद्रकिनारी हा भार सर्वांत जास्त असतो. जसजसे वर चढावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि भारही कमी होतो. काचेच्या नळीतला पारा तितकाच खाली उतरतो. पारा किती उतरला यावरून आपण किती उंच चढलो, हे हिशेबाने काढता येते. म्हणजे डोंगराला दोरी न लावता त्याची उंची मोजता येते. पण काचेची नळी फुटली की सारे संपले. म्हणून हंबोल्ट तिला तान्ह्या मुलासारखे जपत असत.

वाटेत त्यांचे जहाज टेनेरिफ नावाच्या बेटावर थांबले. तेथे टेइडे हा सुमारे ३,७०० मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. हंबोल्ट त्यावर चढले. पायथ्याला द्राक्षांचे मळे होते. त्यावर सदाहरित झाडांचे रान होते. त्याच्या वर पाइनची झाडे, मग झुडपे, मग गवत आणि शेवटी उघडा दगड. एखाद्या घराचे मजले असावेत तसे हे थर एकावर एक रचलेले होते. ही रचना त्यांच्या मनात पक्की बसली.

१६ जुलै १७९९ रोजी ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कुमाना या गावी उतरले. नवी झाडे, नवे पक्षी, नवी फुले पाहून दोघे मित्र आनंदाने वेडे झाले. पण त्याच गावात त्यांच्या घरासमोर गुलामांचा बाजार भरत असे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या तरुणांना तेथे उभे करीत आणि विकत घेणारे त्यांचे जबडे उघडून दात तपासत. ते दृश्य हंबोल्ट कधी विसरले नाहीत. त्यानंतर आयुष्यभर ते गुलामगिरीविरुद्ध लिहीत आणि बोलत राहिले. पुढे १८५७ साली प्रशियाच्या भूमीवर पाऊल ठेवणारा गुलाम स्वतंत्र मानला जाईल, असा कायदा झाला. त्यामागे वृद्ध हंबोल्ट यांचा मोठा वाटा होता.

१८०० साली ते वॅलेन्सिया नावाच्या सरोवराजवळ पोचले. सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे आटत चालले होते आणि लोक काळजीत होते. पाणी जमिनीखालच्या एखाद्या भोकातून निघून जात असावे, असे काहींना वाटे. हंबोल्ट यांनी आजूबाजूचा मुलूख पाहिला. नीळ, ऊस आणि कापूस यांच्या मळ्यांसाठी डोंगरांवरची झाडे तोडलेली होती. ओढ्यांचे पाणी मळ्यांकडे वळवलेले होते. उघड्या उतारांवरून पावसाचे पाणी माती घेऊन धावत सुटे. झाडे होती तेव्हा तेच पाणी जमिनीत मुरत असे आणि झऱ्यांतून हळूहळू बाहेर येई. हंबोल्ट यांनी लोकांना सांगितले, की दोष जमिनीतल्या भोकाचा नाही, तो कुऱ्हाडीचा आणि पाटांचा आहे. डोंगरावरचे जंगल आणि तळातले पाणी यांचा हा संबंध इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते.

मग ओरिनोको नदीचा अवघड प्रवास झाला. डासांनी अंग फोडून निघाले. कागद ओला होई, वाळवलेली पाने कुजत. दोघेही तापाने आजारी पडले. तरी नोंदी थांबल्या नाहीत. त्यानंतर ते अँडीज पर्वताकडे वळले. खेचरांवर सामान लादून, स्थानिक वाटाड्यांच्या मदतीने ते महिनोन् महिने डोंगर चढत आणि उतरत राहिले. प्रत्येक मुक्कामाला वायुभारमापक उभा करायचा, उष्णता मोजायची, आसपासची झाडे ओळखून लिहायची, हा त्यांचा नेमच झाला होता.

२३ जून १८०२ हा दिवस त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस. आजच्या इक्वेडोर देशात चिंबोराझो नावाचा बर्फाच्छादित पर्वत आहे. त्याची उंची ६,२०० मीटरांहून अधिक आहे. त्या काळी लोक त्याला जगातला सर्वांत उंच पर्वत समजत. हंबोल्ट, बोंप्लाँ, कार्लोस मोन्तुफार नावाचा एक तरुण आणि तेथला एक रहिवासी असे चौघे वर निघाले. बर्फ लागताच बाकीचे सोबती मागे फिरले. वाट अरुंद होती. एका बाजूला बर्फाचा उतार आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी होती. धुक्यामुळे समोरचे दिसत नव्हते. टोकदार दगडांनी हातपाय सोलले. हवा विरळ झाल्यामुळे छाती भरून येई, चक्कर येई, हिरड्यांतून रक्त येई. तशा अवस्थेतही हंबोल्ट थांबून पारा वाचत होते. झाडे केव्हाच खाली राहिली होती. मग गवतही संपले. शेवटी दगडाला चिकटलेली दगडफुले तेवढी उरली आणि तीही संपली.

शिखर अजून दूर असताना समोर एक मोठी भेग आली. ती ओलांडणे शक्य नव्हते. ते परत फिरले. पण तोपर्यंत ते सुमारे ५,९०० मीटर उंचीवर पोचले होते. त्या आधी इतक्या उंचीवर पोचल्याची नोंद कोणाच्याही नावावर नव्हती.

शिखर हुकले खरे, पण हंबोल्ट यांना जे हवे होते ते मिळाले होते. उतरताना त्यांच्या मनात सारे धागे जुळू लागले. अँडीजच्या पायथ्याशी केळी आणि ताडासारखी उष्ण प्रदेशातली झाडे होती. त्यांच्या वर झाडांएवढे उंच नेचे आणि कोयनेलची झाडे होती. आणखी वर, ढगांच्या पट्ट्यात, ओकची झाडे होती. ही तर युरोपातल्या थंड हवेतल्या झाडांची भावंडे! त्यांच्या वर झुडपे, मग गवत, मग बर्फ. म्हणजे विषुववृत्तापासून ध्रुवाकडे हजारो किलोमीटर चालत गेल्यावर जे बदल दिसतात, तेच बदल एका उंच पर्वतावर काही दिवसांच्या चढणीत दिसतात. पर्वत ही जणू हवामानांची शिडी आहे. प्रत्येक पायरीवर वेगळी हवा आणि प्रत्येक हवेत वेगळी झाडे.

१८०४ साली हंबोल्ट युरोपात परतले. सुमारे ६,००० जातींच्या वनस्पतींचे नमुने त्यांनी आणि बोंप्लाँ यांनी गोळा केले होते. १८०७ साली त्यांनी वनस्पतींच्या भूगोलावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याबरोबर एक मोठे चित्र होते. त्यात चिंबोराझो पर्वत मधोमध कापल्यासारखा दाखवला होता आणि ज्या उंचीवर जी वनस्पती वाढते त्या उंचीवर तिचे नाव लिहिले होते. दोन्ही बाजूंच्या रकान्यांत त्या त्या उंचीवरची उष्णता, हवेचा भार, हवेतला ओलावा, शेतीची पिके अशी माहिती होती. चित्राकडे पाहिले की झाड आणि हवा यांचे नाते डोळ्यांसमोर उभे राहते. आज तुमच्या भूगोलाच्या पुस्तकात अशा आकृत्या असतात. त्या साऱ्यांचे मूळ या चित्रात आहे. नकाशावर समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा तुम्ही पाहिल्या असतील. त्याही हंबोल्ट यांनीच १८१७ साली प्रथम मांडल्या.

त्यांच्या नंतर आलेल्या अभ्यासकांनी या शिडीची कारणे अधिक बारकाईने शोधली. साधारणपणे दर हजार मीटर चढल्यावर हवा सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते. थंडीत झाडाची वाढ मंदावते. बहुतेक पर्वतांवर वर जावे तसतशा झाडांच्या जाती कमी होत जातात. मात्र काही पर्वतांवर पायथ्यापेक्षा मधल्या उतारांवर अधिक जाती आढळतात. झाडांचा घाटही बदलतो. खालच्या जंगलात उंच झाडे, त्यांखाली मध्यम झाडे आणि त्यांखाली झुडपे असे अनेक थर असतात. वर थर कमी होतात, उंची घटते, खोड वाकते, फांद्यांवर शेवाळ चढते. एका ठरावीक उंचीनंतर झाडे संपतातच. त्या सीमेला वृक्षरेषा म्हणतात. वाढीच्या हंगामात सरासरी उष्णता सुमारे सहा अंशांच्या खाली गेली, की झाडाला नवे लाकूड नीट घडवता येत नाही. म्हणून त्यापुढे झाड उभे राहत नाही, गवत मात्र जगते.

आपल्या देशात ही शिडी पूर्णपणे पाहायची तर हिमालयात जावे लागते. पायथ्याला सालाची जंगले, वर चीड, त्याच्या वर बांज म्हणजे ओक आणि लाल फुलांचा बुरांस, मग देवदार, मग फर, त्यावर भोजपत्राची झाडे आणि शेवटी गवताळ कुरणे. हंबोल्ट यांना हे ठाऊक होते. अँडीज पाहून झाल्यावर त्यांच्या मनाने हिमालयाचाच ध्यास घेतला. दोन पर्वतांची तुलना केल्याशिवाय आपला सिद्धांत पुरा होणार नाही, असे त्यांना वाटे. या प्रवासाची तयारी म्हणून ते चक्क फारसी शिकू लागले. कारण भारतात कारभाराची आणि सुशिक्षितांची भाषा फारसी आहे, हे त्यांना माहीत होते.

भारतात यायचे तर ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी हवी होती. त्यासाठी ते लंडनला गेले. १८१४ ते १८१८ या काळात त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. मोठमोठ्या लोकांनी त्यांचा सन्मान केला, पण परवानगी काही मिळाली नाही. असे का झाले असावे? हंबोल्ट यांनी आपल्या पुस्तकांत स्पेनच्या राज्यकर्त्यांवर कडक टीका केली होती. वसाहतींतल्या लोकांची पिळवणूक त्यांनी उघड केली होती. असा माणूस भारतात येऊन आपल्या कारभाराबद्दलही लिहील, ही भीती कंपनीला वाटली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हंबोल्ट यांना हिमालय कधीच पाहता आला नाही. खरे बोलण्याची किंमत त्यांनी आपल्या सर्वांत आवडत्या स्वप्नाने चुकवली.

पण ते हात बांधून बसले नाहीत. १८२९ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते रशियातून उरल आणि अल्ताई पर्वतांपर्यंत गेले. काही महिन्यांत त्यांनी १५,००० किलोमीटरांहून अधिक प्रवास केला. आणि जेथे स्वतः जाता आले नाही तेथे त्यांनी तरुणांना धाडले. इंग्लंडचे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४८ साली सिक्कीमच्या हिमालयात गेले, तेव्हा काय काय मोजावे याविषयी हंबोल्ट यांनी त्यांना पत्रांतून सूचना केल्या. जर्मनीचे तिघे श्लागिन्टवाइट बंधू त्यांच्या पाठिंब्याने १८५४ साली मुंबई बंदरात उतरले. दख्खन ओलांडून ते मद्रासला गेले आणि पुढे हिमालयात पोचले. त्यांपैकी अडॉल्फ १८५७ साली काशगर येथे मारला गेला. ज्ञानासाठी माणसे किती दूर जातात, पाहा!

आता पुन्हा आपल्या पुण्याकडे येऊ. हंबोल्ट पुण्याला आले नाहीत, पण झाडे आणि पाणी यांच्या नात्याचा विचार येथेही पोचला. अलेक्झांडर गिब्सन नावाचे एक डॉक्टर कंपनीच्या नोकरीत होते. पुण्याजवळ दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे ते प्रमुख होते. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. सह्याद्री आणि कोकण त्यांनी पायाखाली घातला होता. बेसुमार तोडीमुळे डोंगर उघडे पडतात आणि ओढे आटतात, असे त्यांनी सरकारला कळवले. निकोल डॅलझेल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे पुस्तक १८६१ साली प्रसिद्ध झाले. ज्या कंपनीने हंबोल्ट यांना दार बंद केले, तिच्याच नोकरांच्या अहवालांत त्यांच्यासारखाच विचार उमटला. मात्र एक गोष्ट विसरू नका. सरकारने जंगले ताब्यात घेतली, तेव्हा डोंगरावर राहणाऱ्या अनेक गरिबांचे जुने हक्कही गेले. झाडे वाचवताना माणसांनाही न्याय मिळाला पाहिजे, हे हंबोल्ट यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे.

हंबोल्ट यांचे शेवटचे दिवस बर्लिनमध्ये गेले. प्रवासात आणि पुस्तकांत त्यांची सारी संपत्ती संपली होती. राजाकडून मिळणाऱ्या पगारावर ते राहत. तरी गरजू तरुण अभ्यासकांना ते मदत करीत. १८२७ सालच्या हिवाळ्यात त्यांनी सृष्टीविषयी व्याख्याने सुरू केली, तेव्हा कसलेही शुल्क ठेवले नाही. राजघराण्यातील माणसांच्या शेजारी विद्यार्थी, कारागीर आणि स्त्रिया बसत. त्या काळी स्त्रियांना विद्यापीठात प्रवेश नव्हता, म्हणून हे विशेष. याच व्याख्यानांतून पुढे त्यांचा कॉसमॉस हा मोठा ग्रंथ तयार झाला. त्याचा पहिला भाग आला तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तर होते. पुढची चौदा वर्षे ते रात्री जागून लिहीत राहिले. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते.

मित्रांनो, येथे गोष्ट संपली असती. पण हंबोल्ट यांच्या नोंदी अजून काम करीत आहेत. दोनशे वर्षांनंतर शास्त्रज्ञ पुन्हा अँडीजच्या त्याच डोंगरांवर गेले. त्यांना आधी एक चूक सापडली. चिंबोराझोच्या चित्रातल्या काही वनस्पती हंबोल्ट यांनी खरे तर अंतिसाना नावाच्या दुसऱ्या पर्वतावर पाहिल्या होत्या. मोठ्या माणसांच्या हातूनही अशी गफलत होते आणि ती तपासून सुधारणे हेच विज्ञानाचे काम आहे. नंतर त्यांनी अंतिसानावरच्या जुन्या नोंदी आणि आजची झुडपे-गवते ताडून पाहिली. तेव्हा दिसले, की उंचावर वाढणाऱ्या वनस्पती दोनशे मीटरांहून अधिक वर सरकल्या आहेत. पृथ्वी तापते आहे, म्हणून वनस्पती थंडावा शोधत एकेक पायरी वर चढत आहेत.

आता मुळशीच्या डोंगराकडे पुन्हा पाहा. त्याचे माथे बहुतेक हजार मीटरांच्या आसपास आहेत. येथे बर्फ नाही, वृक्षरेषा नाही. आपल्या सह्याद्रीत झाडांचा घाट उंचीबरोबरच पाऊस, वारा आणि माती ठरवतात. पश्चिमेकडून आलेले ढग या भिंतीवर अडतात. म्हणून ताम्हिणीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जवळच्याच पुणे शहरात तो हजार मिलिमीटरही क्वचितच होतो. घाटमाथ्याच्या गार, ओल्या हवेत वाढणारी झाडे याच चिंचोळ्या पट्ट्यात टिकून आहेत. चिंबोराझोवरच्या झुडपाला वर चढायला जागा होती. मुळशीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या अंजनीला हवा तापली तर कोठे जाता येईल? तिच्या डोक्यावर फक्त आकाश आहे.

म्हणून जे आहे ते राखणे, एवढेच आपल्या हाती उरते. मुळशी तालुक्यातल्या गावांनी देवाच्या नावाने राखलेल्या देवराया अजून कोठे कोठे उभ्या आहेत. तेथे जुनी, उंच झाडे पाहायला मिळतात. २०१३ साली ताम्हिणीच्या जंगलाचा काही भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. तरीही शहर डोंगराकडे सरकते आहे, रस्ते रुंद होत आहेत. मुळशीच्या जलाशयात जे पाणी साठते, ते या उतारांवरूनच येते. वॅलेन्सियाच्या सरोवराची गोष्ट आठवा.

पुढच्या सहलीला ताम्हिणीत गेलात, तर एक वही आणि एक तापमापक जवळ ठेवा. घाटाच्या पायथ्याला थांबा. सावलीत उष्णता मोजा आणि समोरच्या पाच झाडांची नावे गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहा. मग माथ्यावर जाऊन तेच पुन्हा करा. झाडे किती उंच आहेत, खोड सरळ आहे की वाकडे, तेही लिहा. तारीख लिहायला विसरू नका. दोन पाने भरली, की ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. हंबोल्ट यांनी डोंगर असाच वाचला होता. पन्नास वर्षांनी कोणी मुलगा किंवा मुलगी त्याच जागी उभी राहील, तेव्हा तुमची वही तिच्या उपयोगी पडेल.